ठिसूळ हाडं आणि जांभ्याची वाट : मापाची व्हीलचेअर आणि पुढे जोडायची मोटर कोकणात किती कामाची?

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार असलेल्या माणसासाठी व्हीलचेअर घेताना जाहिरातीतला वेग आणि एका चार्जमधलं अंतर हे दोन आकडे सगळ्यांत शेवटी पाहावेत. पहिला प्रश्न, रस्त्याचा दणका हाडापर्यंत किती पोचतो. दुसरा, घरापासून ग्रामसभेपर्यंत, तहसील कचेरीपर्यंत किंवा जेट्टीपर्यंत जाताना किती ठिकाणी दुसऱ्याच्या हातांवर विसंबावं लागतं. हे दोन प्रश्न समोर ठेवून मापाने बनवलेली हलकी व्हीलचेअर आणि तिला पुढून जोडायची बॅटरीवरची मोटर या जोडीचं हे परीक्षण आहे. कसोटी रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चढउतारांची, जांभ्याची, पावसाची आणि खाऱ्या वाऱ्याची.

भारतात या जोडीचं सर्वांत ओळखीचं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासच्या संशोधनातून आलेली निओफ्लाय खुर्ची आणि निओबोल्ट ही तिची मोटर. २०२० मध्ये ती बाजारात आली, तेव्हा दोन्ही मिळून किंमत साधारण ९५ हजार रुपये होती आणि जाहीर केलेला कमाल वेग ताशी २५ किलोमीटर. आता याच धर्तीची यंत्रं इतरही बनवतात. खाली लिहिलंय ते कुठल्या एका कंपनीबद्दल नाही, या जातीच्या यंत्राबद्दल आहे. पुढे एक चाक, त्यात मोटर, वर हँडल, आणि खुर्चीच्या चौकटीला धरणारा क्लॅम्प एवढा भाग सर्वांत सारखाच असतो.

आधी आजाराबद्दल थोडं, कारण खुर्चीचा प्रत्येक निर्णय तिथून येतो. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. बहुतेकांत हाडाचा सांगाडा धरून ठेवणाऱ्या पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये दोष असतो. सौम्य प्रकारात आयुष्यभरात मोजके फ्रॅक्चर होतात. तीव्र प्रकारात शिंकेने किंवा कुशीवर वळतानाही हाड मोडू शकतं, उंची लहान मुलाएवढी राहते, हातपाय धनुष्यासारखे वाकतात, मणका एका बाजूला झुकतो. सांधे सैल असतात. मोठेपणी अनेकांना कमी ऐकू येतं. घामही खूप येतो. झोलेड्रोनिक ॲसिडसारखी औषधं आणि हाडात बसवलेले रॉड यांनी फरक पडतो, पण हाड ठिसूळच राहतं. तेव्हा या माणसाच्या खुर्चीला ‘आरामदायक’ एवढं विशेषण पुरत नाही. चुकीच्या खुर्चीची किंमत मांडीच्या हाडाने मोजावी लागते.

आणि हे यंत्र घरातल्या घरात बसण्यासाठी नाही. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंगला हाच आजार होता. व्हिक्टोरिया राज्यातल्या स्टॉवेल या छोट्या गावात १९८२ मध्ये जन्मलेल्या या मुलीने १४ व्या वर्षी गावच्या मुख्य रस्त्यावरच्या दुकानांत व्हीलचेअर शिरते की नाही याची पाहणी केली. पुढे ती पत्रकार झाली, दिव्यांगांच्या हक्कांचा मोठा आवाज झाली, आणि डिसेंबर २०१४ मध्ये गेली. त्याच वर्षी सिडनीतल्या भाषणात तिने सांगितलं होतं की जिन्याकडे पाहून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या धन्या रवी याच आजाराबद्दल वर्षानुवर्षं जागृती करत आहेत. अशा माणसाच्या दिवसात मोजमाप, अर्ज, बैठक, पुन्हा बैठक असं काम असतं. ते काम करू देते का, याच मापाने इथे खुर्ची तोलली आहे.

सर्वाधिक वेळ बसण्याच्या मापावर घालवावा. मोटर नंतर बदलता येते, चौकट नाही. बाजारात सर्रास मिळणारी तयार खुर्ची १८ इंच रुंद आणि १६ इंच खोल असते. एक मीटर-सव्वा मीटर उंचीच्या मोठ्या माणसाची मांडी तेवढी लांब नसते. मग गुडघ्यामागे कडा रुतते, कंबर पुढे घसरते, पाठीला टेकू मिळत नाही आणि वाकलेला मणका आणखी वाकतो. अशा अंगाला बहुधा १२ इंचांच्या आसपासची रुंदी आणि त्याहून थोडी कमी खोली लागते. माप घेताना माणसाला टणक बाकावर बसवा. रुंदी म्हणजे नितंबांची रुंदी अधिक २ सेंटिमीटर. खोली म्हणजे नितंबाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतचं अंतर, वजा ४ ते ५ सेंटिमीटर. हे डाव्या-उजव्या पायाचं वेगवेगळं मोजा, कारण या आजारात दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. जो लहान तो धरा. पाय वाकलेला आहे तसाच मोजायचा. टेपसाठी तो सरळ करायला कुणी ओढू लागलं तर तिथेच थांबवा.

पायपट्टी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. पावलं अधांतरी लोंबत असतील तर प्रत्येक खड्ड्यात पायाचं सगळं वजन मांडीच्या हाडाला हिसका देतं. म्हणून पायपट्टी पूर्ण तळपायाखाली आली पाहिजे, आणि तिची उंची उशी टाकून, माणूस बसवून ठरवायची. उशी दाबली की दोन-अडीच सेंटिमीटर खाली जाते. तो फरक आधी धरला नाही तर गुडघे छातीशी येतात. पोटऱ्यांमागे एक रुंद मऊ पट्टा हवा, म्हणजे पाय मागे सरकून पुढच्या चाकात जात नाही.

पाठीसाठी ताणलेलं रेक्झिन नको. मागे आडवे पट्टे असलेली पाठ घ्या, ज्यातला प्रत्येक पट्टा वेगळा सैल-घट्ट करता येतो. मणक्याचा फुगवटा जिथे असेल तिथला पट्टा सैल, कमरेजवळचा घट्ट. उशीला खाली टणक आणि वर मऊ असे फोमचे दोन थर हवेत, नुसता मऊ फोम दणक्यात तळाला टेकतो. खोळ सुती किंवा जाळीची. कोकणातल्या मे महिन्यात रेक्झिनवर अंग चिकटतं, आणि या आजारात घाम जास्त असल्याने कातडी लवकर सोलवटते. पट्टा कमरेच्या हाडांवर, जांघेच्या घडीलगत बांधायचा, ओटीपोटावर नाही. छातीवरून जाणारा पट्टा टाळा. बरगड्याही ठिसूळच असतात. हातपट्ट्या उचलून मागे जाणाऱ्या हव्यात, म्हणजे पलंगावरून आडवं सरकता येतं.

लहान मापाचा एक मोठा फायदा जुन्या कोकणी घरात कळतो. बसण्याची रुंदी ३० सेंटिमीटर असेल तर चाकांसकट खुर्ची ५० ते ५२ सेंटिमीटरमध्ये बसते. माजघराची, न्हाणीघराची जुनी दारं यातून सुटतात. १८ इंची खुर्ची तिथे चौकटीलाच अडते. उंबरा मात्र दोन्हींना अडतो. त्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर ठोकणं हा तासाभराचा सुतारकामाचा विषय आहे.

आता चाकं. दवाखान्यातल्या खुर्चीची भरीव रबराची मागची चाकं आणि पुढची छोटी कडक चाकं जांभ्यावर चालवणं म्हणजे दणका थेट मणक्यात घेणं. जांभ्याच्या चिऱ्यांची फरशी नव्याने घातली तरी तिच्या पृष्ठभागावर छिद्रं असतात, आणि सांध्यांतलं सिमेंट दोन पावसाळ्यांत झिजतं. पाच-सहा इंची पुढचं चाक अशा सांध्यात अडकलं की खुर्ची जागीच थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. पुढून जोडायच्या मोटरची आमच्या मते खरी किंमत इथे आहे. ती जोडली की ही छोटी चाकं जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर उचलली जातात आणि त्यांच्याऐवजी हवेचं मोठं चाक पुढे येतं. वीज नसताना, नुसती ढकलत नेतानाही हा जोड, म्हणजे मोटर, चाक, हँडल आणि क्लॅम्प मिळून पुढे लागणारा भाग, हाडं वाचवतो.

मागचे टायर हवेचे आणि रुंद घ्या, पावणेदोन ते दोन इंची. इथे एक फसगत नेहमी होते. ‘२४ इंची’ या एकाच नावाने दोन वेगळी मापं विकली जातात. व्हीलचेअरच्या नेहमीच्या रिमचा व्यास ५४० मिलिमीटर असतो आणि त्याला पावणेदोन इंची टायर बहुधा मिळतच नाही. मुलांच्या डोंगरी सायकलचा २४ इंची रिम ५०७ मिलिमीटरचा असतो. त्याचे रुंद टायर सायकलच्या दुकानात सहज मिळतात. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या बाजूला ‘३७-५४०’ किंवा ‘४७-५०७’ असा आकडा उठवलेला असतो, तो वाचा. खुर्ची नव्याने बनवून घेत असाल तर चाकं ५०७ च्या रिमचीच मागा.

हवा किती भरायची हे दुकानदारावर सोडू नका. तो सवयीने टायर दगडासारखा टणक करतो, आणि ७० किलोच्या माणसासाठी ते ठीकही असतं. ३५ किलोच्या माणसासाठी रुंद टायरमध्ये ३० ते ३५ पीएसआय पुरते. टायरवर छापलेल्या किमान दाबाच्या खाली मात्र जायचं नाही, नाहीतर दगडावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. अंगठ्याने दाबून पाहणं भरवशाचं नाही. दाब मोजायचा गेज बाळगा.

चढावर येऊ. विक्रेते मोटरच्या ताकदीबद्दल बोलतात, आणि ताकद बहुतेक वेळा पुरेशी असतेही. कमी पडते ती पकड. हिशेब असा: माणूस ३५ किलो, खुर्ची १४, जोड १६, पिशवी ५, एकूण ७० किलो. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर वर जाण्यासाठी ७ किलो आणि चाकांच्या घर्षणासाठी दीड किलो, असा साडेआठ किलोचा ढकल लागतो. पण मोटर पुढच्या चाकात आहे, आणि चढावर वजन मागे सरकल्याने त्या चाकावर जेमतेम १६ किलो भार उरतो. कोरड्या डांबरावर एवढ्या भाराला ११ किलोपर्यंत पकड मिळते, म्हणजे गाडी चढते. सुट्या खडीवर साडेपाच. चाक जागच्या जागी फिरतं आणि खुर्ची मागे घसरू लागते. शेवाळलेल्या जांभ्यावर तर त्याहून कमी. बसणाऱ्याचं वजन बदललं की पुढच्या चाकावरचा भार आणि लागणारा ढकल दोन्ही बदलतात, म्हणून ७० किलोच्या माणसाने चढून दाखवलेली घाटी ३५ किलोच्या माणसाला जमेलच असं नाही. प्रात्यक्षिक पाहताना ज्याच्यासाठी घ्यायची आहे त्याच माणसाला बसवा.

उपाय दोन आहेत. मागच्या चाकांचा आस दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवला की पुढचा भार वाढतो आणि खुर्ची मागे उलटण्याचा धोकाही घटतो. बदल्यात हाताने ढकलायला ती थोडी जड जाते. दुसरा, बॅटरी सीटखाली न ठेवता पुढच्या चाकाच्या वर बसवायची, किंवा तिथे तीन-चार किलो वाळूची घट्ट बांधलेली पिशवी ठेवायची. एवढं करूनही खडीच्या घाटीवर मागे एक माणूस हवाच. मागे उलटू न देणारी दोन छोटी चाकं चढाच्या भागात काढून ठेवू नयेत. ती दगडाला अडतात म्हणून लोक काढतात आणि नेमक्या चढावर खुर्ची मागे कलंडते.

उतार चढापेक्षा वाईट. चालू गाडीला ब्रेक एकच असतो, पुढच्या चाकाला. खुर्चीचे स्वतःचे ब्रेक उभं राहिल्यावर लावायचे असतात. उतारावर ते ओढले तर एक चाक आधी धरतं आणि खुर्ची फिरते. मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरमध्ये कमाल वेग ताशी ८ ते १० किलोमीटरवर बांधून घ्या आणि उतारावर तो ५-६ च्या वर जाऊ देऊ नका. जोरात ब्रेक मारल्यावर शरीर पट्ट्यावर आदळतं, आणि हा आघात आपल्याला नको आहे. गतिरोधकावर सरळ जावं. दुचाकीसारखं तिरकं घेतलं तर एक मागचं चाक आधी उचललं जातं आणि खुर्ची बाजूला झुकते.

अ‍ॅक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा निवडा. मनगट वळवून फिरवायचा सैल सांध्यांना आणि वाकलेल्या हाताला त्रास देतो. हँडल पुढे-मागे होणारं हवं, कोपर अंगालगत वाकलेलं राहील इतकं जवळ. कंट्रोलरमध्ये हळू सुरुवातीची सोय असते, ती चालू करून घ्या. पहिला हिसका मानेला बसतो. दोन्ही बाजूंना आरसे लावा, कारण कमी ऐकू येणाऱ्याला मागून आलेल्या डंपरचा हॉर्न कळत नाही. मागे दीड मीटर उंचीच्या काठीला भगवा किंवा पिवळा ठसठशीत झेंडा लावा. बसल्यावर डोकं ट्रकच्या बोनेटच्याही खाली असतं.

बॅटरीची फार काळजी नको. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. एवढ्या वजनाला कोकणातल्या चढउतारावर किलोमीटरला १२ ते १५ वॅट-तास धरले तर २४ ते ३० किलोमीटर होतात. त्यातल्या कमी आकड्यातून पाचवा हिस्सा राखून १९ किलोमीटरचा बेत करावा. दोन अँपिअरच्या चार्जरला पाच तास लागतात. पावसाळ्यात वीज बेभरवशाची, म्हणून संध्याकाळी आल्यावर बॅटरी थंड झाली की लगेच लावावी. रात्रीवर ठेवू नये.

जोड काढणं-लावणं रोजचं काम आहे, आणि नेमकं तिथे हाडाला धोका आहे. सपाट जागा पाहा. खुर्चीचे मागचे ब्रेक लावा. जोडाचा स्टँड टेकवा. मग खटका सोडा, पण त्याआधी एका हाताने चौकट धरा, कारण खटका सुटला की पुढची छोटी चाकं तीन-चार सेंटिमीटर खाली येतात. धप्पकन येऊ दिली तर तो दणका मणक्यात जातो. स्क्रूने हळूहळू खाली उतरवणारी यंत्रणा ज्या जोडात आहे तोच घ्या. किंमत थोडी जास्त असली तरी यात काटकसर करू नये. क्लॅम्प चौकटीवर जिथे बसतो तिथे रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ जुळली नाही तर क्लॅम्प सरकला आहे. घडीच्या खुर्चीची चौकट लवचीक असल्याने तिच्यावर तो लवकर सरकतो. जोडासाठी न घडी होणारी चौकट चांगली.

जोडासकट लांबी दीड मीटरच्या पुढे जाते आणि अनेक जोडांना मागे जायची सोय नसते. दुकानात, पोस्टात, बँकेत तो बाहेरच ठेवावा लागतो. कुलूप लावा आणि चावी अंगावर ठेवा.

पावसाळा आणि मीठ यांचं गणित वेगळं. चाकातल्या मोटरमध्ये पाणी शिरतं ते तारेच्या वाटेने. तार मोटरमध्ये शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर नेली की थेंब झोळावरून गळून जातो. वहाळाचं, म्हणजे ओढ्याचं पाणी चाकाच्या आसापर्यंत असेल तर त्यात घालू नका. सुरू होताना मोटर गुरगुरते, थरथरते आणि फिरत नाही, असं झालं तर मोटर जळाली असं लगेच मानू नये. बहुधा मोटरच्या तारेच्या जोडणीत ओल असते. जोडणी उघडा, कोरडी करा, विजेच्या जोडण्यांसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावा. मोटर अजिबात आवाज करत नसेल तर ब्रेकचा दांडा पूर्ण मागे आलाय का पाहा. दांड्यातला स्विच अडकून राहिला की मोटरची वीज तुटते. पावसाळ्यातली ‘बंद पडली’ ही तक्रार अनेकदा याचीच.

किनाऱ्यावर नेल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायचं, पण सर्व्हिसिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने नाही. तो बेअरिंगमधलं ग्रीस काढून वाळू आत ढकलतो. पाण्याचा मग, बादली, फडकं एवढं पुरे. मागची चाकं एका बटणाने निघतात. त्या आसाच्या टोकावरच्या बारीक गोळ्या वाळूने अडकल्या तर चाक बसल्यासारखं दिसतं पण कुलूपबंद होत नाही. दर वेळी चाक बाहेर ओढून खात्री करा. पुढच्या छोट्या चाकांत बहुधा ६०८ नंबरचे बेअरिंग असतात, दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले घ्या. चौकटीचे बोल्ट गंजण्याआधीच स्टेनलेसचे करा.

प्रवासात सर्वांत सोयीची वाटते ती गाड्या नेणारी फेरीबोट. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेश्वी-बागमांडले, आगरदांडा-दिघी, या सगळ्या ठिकाणी पुढची लोखंडी फळी जेट्टीवर टेकते आणि एकही पायरी न चढता आत जाता येतं. ओहोटीला फळीचा उतार तीव्र होतो, तेव्हा भरतीच्या जवळची फेरी गाठा. फळी ओली असते. सरळ जा, मागे एक माणूस ठेवा, आणि आत गेल्यावर मोटर बंद करून मागचे ब्रेक लावा. एसटीच्या पायऱ्यांशी तुलनाच नको. रिक्षात जायचं तर चाकं काढून चौकट आडवी ठेवता येते, १६ किलोचा जोड पायांशी. त्यासाठी माणसाला कसं उचलायचं हे रिक्षावाल्यांना शिकवावं लागतं: एक हात नितंबांखाली, दुसरा खांद्यामागे, दोन्ही पंजे पसरून. काखेत हात घालून उचलायचं नाही, मनगट धरून ओढायचं नाही. कधी उचलायचं हे बसणारा सांगेल.

पाखाडीला, म्हणजे वाडीतल्या पायऱ्यांच्या वाटेला, मोटर हरते. तिथे जोड खाली ठेवून, पट्टा बांधून, माणसासकट खुर्ची चौघांनी न्यायची, पाठ चढाकडे. दोघे मागच्या चौकटीला, दोघे पुढच्या उभ्या नळ्यांना. हातपट्टी, पायपट्टी आणि चाक धरून उचललं तर ते हातात येतं. साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या अरुंद पुलावर जाण्याआधी कठड्यांमधली रुंदी मोजा.

खुर्चीच्या पाठीमागे प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड कायम ठेवा: आजाराचं नाव, कुठल्या हाडात रॉड आहे, औषधं, रक्तगट, घरचा फोन, आणि मोठ्या अक्षरांत ‘हातपाय ओढू नका, मोडलेलं हाड सरळ करू नका, आहे तसं आधार द्या’. रस्त्यात जमलेली चांगली माणसंच घाईत ओढाताण करतात.

दुरुस्तीचं चित्र दिलासा देणारं आहे. टायर, ट्यूब, स्पोक, ब्रेकचे पॅड हे कुठलाही सायकलवाला करतो. अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेकचा दांडा, कंट्रोलर हे इलेक्ट्रिक सायकलचेच असतात आणि मागवता येतात. क्लॅम्प आणि खटका मात्र त्या त्या कंपनीचेच. पैसे देण्याआधी या दोन भागांची किंमत आणि ते पोचायला लागणारे दिवस लेखी घ्या. पिशवीत प्रत्येक मापाची एक ट्यूब, ४, ५ आणि ६ मिलिमीटरचे अ‍ॅलन पाने, चार बेअरिंग, गेज आणि छोटा पंप असावा.

ज्यांचे दंड वारंवार मोडतात, हाताने खुर्ची ढकलणं ज्यांना मुळात जमत नाही, त्यांनी ही जोडी घेऊ नये. त्यांना जॉयस्टिकची पूर्ण विजेवरची खुर्ची हवी. ती पाखाडीवर उचलता येणार नाही इतकी जड असते, पण हात वाचतात. लहान मुलांसाठी मोटर नको, वाढत्या अंगाला मापाची खुर्चीच पुरे. पैसे मर्यादित असतील तर खर्चाचा क्रम असा धरा: मापाची चौकट, रुंद टायर, चांगली उशी, आणि मग मोटर.

खरेदीला सरकारी मदत मागताना युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत या आजाराचं स्वतंत्र नाव नाही. तो अस्थिव्यंगात मोडतो, आणि मोठेपणीची उंची १४७ सेंटिमीटर किंवा कमी असेल तर ठेंगूपणाच्या गटातही येऊ शकतो. प्रमाणपत्र काढताना हे डॉक्टरांसमोर मांडा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. त्यातून उपकरणाची मागणी ग्रामसभेत लेखी करा आणि पोच घ्या.

त्याच ग्रामसभेत रॅम्पचा विषय निघतो, आणि तिथे ही खुर्ची मोजमापाच्या कामाला येते. एक मीटर लांबीची गवंड्याची लेव्हलपट्टी बाजूच्या पिशवीत मावते. रॅम्पवर तिचं वरचं टोक टेकवा, बुडबुडा मध्ये येईपर्यंत खालचं टोक उचला आणि तिथली फट मोजा. ८.३ सेंटिमीटर म्हणजे १:१२, नियमात बसणारा. १२ किंवा १५ सेंटिमीटर फट निघाली तर तो रॅम्प नसून घसरगुंडी आहे, आणि तो पुन्हा बांधायला सांगता येतं. शाळेची पडवी किंवा देवळाचा सभामंडप ६० सेंटिमीटर उंच असेल तर ७ मीटर २० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. अंदाजपत्रकात तीन मीटर लिहिलेले दिसले तर काम सुरू होण्याआधीच हरकत नोंदवा. तीन मीटर चढणाऱ्या पाखाडीला ३६ मीटर आणि मधले विसाव्याचे टप्पे लागतील. तेवढी सरळ जागा वाडीत नसते, म्हणून तिथे पायऱ्यांवर सिमेंट ओतायचा प्रस्ताव नाकारून सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या माळाच्या बाजूने वळसा घालणारी पायवाट मागा. अर्जाला मोजमापाचा तक्ता आणि फटीजवळ धरलेल्या टेपचा फोटो जोडा.